काय मोजतेस?

"आई, काय मोजतेस?"

लेकीनं मागून विचारलं तेव्हा मी आठवर होते. दोघांच्या कयाकमध्ये पुढं बसलेल्याचा चेहरा मागच्याला दिसत नाही, ही एक सोय असते. पण शांत पाण्यावरून आवाज फार स्वच्छ जातो, हे माझ्या लक्षात नव्हतं. मला वाटत होतं, मी मनातल्या मनात मोजतेय. खाली पाण्यात खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या. वरच्या तीन-चार कोरड्या, उन्हात पांढऱ्या पडलेल्या, त्यानंतरची शेवाळलेली, आणि मग एकेक करून हिरव्यातून निळ्यात शिरणाऱ्या. आठवी दिसत होती, नववी असावी असं वाटत होतं. "काही नाही गं, सहज," मी म्हटलं आणि वल्हं पाण्यात घातलं. पायऱ्या डुचमळल्या, मोडल्या, परत जुळल्या. आमची कयाक पुढं सरकली. गोष्ट एवढीच. पण त्या दिवसाचं बाकी सगळं, म्हणजे ऊन, मीठ, खांद्यांची लागलेली वाट, आठवताना मध्येच हे "काही नाही गं" येतं आणि दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काश नावाच्या गावी आम्ही उतरलो होतो. बडोद्याच्या माणसाला हिंदीही येत असल्यामुळं 'काश' म्हटल्यावर पुढं काहीतरी राहून गेलेलं जोडावंसं वाटतं. लेक जर्मनीत नोकरी करते. तिनं जूनमध्येच ऑक्टोबरची तिकिटं काढून ठेवली होती, तिची आणि माझी, दोघींचीच. ऑगस्टमध्ये आमच्याकडे जे झालं त्यानंतर मी दोनदा रद्द कर म्हटलं. ती म्हणाली, पैसे परत मिळत नाहीत. हा युक्तिवाद आमच्या घरात ब्रह्मवाक्य आहे. शिवाय यांनीही, "जा तू, इथं बसून भिंती थोड्याच वाळणार आहेत?" असं म्हणून मला जवळजवळ ढकलूनच विमानात बसवलं. बॅगेत लीलो चिवड्याची पाकिटं आणि मनात घरी ठेवून आलेल्या ओल्या भिंती, असा प्रवास.

काशहून सकाळी व्हॅननं उचाअझला नेतात. उचाअझ म्हणजे तीन तोंडं. समोर केकोवाचं लांबट, उजाड बेट आडवं पडलंय, त्यामुळं आतला समुद्र तळ्यासारखा निवांत. वाटाड्या मुलगा पंचविशीचा असेल. मला तो 'आब्ला' म्हणत होता. लेक म्हणाली, म्हणजे मोठी बहीण. आमच्याकडे रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे ज्या सहजतेनं 'बेन' म्हणतात तसंच ते, त्यामुळं मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यानं वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. दोन्ही टोकांना पातं असतं, आणि जोर हातांनी लावायचा नाही, कमरेतून वळायचं. ताकाची रवी घुसळताना आजी जशी अख्खी वळायची तसं, असं मी लेकीला म्हटलं. तिनं रवी पाहिलेली आहे, घुसळताना कुणाला पाहिलेलं नाही. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं पायांनी सुकाणू सांभाळायचं. लेक आपण होऊन मागं गेली. मी काही बोलले नाही, पण पहिली दहा मिनिटं मला दर हाताला मागं वळून तिला सूचना द्याव्याशा वाटत होत्या.

बसायच्या आधी त्या मुलानं प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढले. मग दोन्ही खांद्यांजवळ धरून जॅकेट वर उचलून पाहिलं. कानांपर्यंत आलं तर ते ढिलं आहे. माझं आलं. त्यानं बाजूचा पट्टा आवळला, परत उचललं, परत आवळला. आमच्या गटात आठ जण होते आणि हे त्यानं आठ वेळा केलं, कंटाळा न करता, लेकराच्या शर्टाची बटणं लावावीत तसं. मी त्याच्या हातांकडे बघत होते आणि मला बडोद्यातलं हरणीचं तळं दिसत होतं. १८ जानेवारी २०२४. सहलीला आलेल्या शाळेची मुलं, भरलेली होडी. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. जॅकेटं सगळ्यांच्या अंगावर नव्हती. त्या संध्याकाळी बडोद्यात ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही चालू होता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आठ माणसांचे पट्टे ओढायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी मी पाहिलं. चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासानं तो मुलगा आपली कयाक आमच्या शेजारी घेऊन आला आणि त्यानं मला विचारलं, पाणी गार वाटतंय का? बाकीचे हात पाण्यात सोडून बसलेत, मान ओली करतायत, तुम्ही कोपरंसुद्धा आत घेऊन बसलाय. मला स्वतःला हे कळलंच नव्हतं. वल्हं थांबलं की माझे दोन्ही हात आपोआप मांडीवर येत होते. लेक हसायला लागली आणि तिनं इंग्रजीत त्याला सांगितलं, आमच्या गावाच्या नदीत मगरी आहेत. त्याला ती थट्टा वाटली. मग तिनं, शहराच्या बाहेर नाही, अगदी मधोमध, बागेच्या शेजारी, असं सांगितल्यावर तो माझ्याकडे खरं-खोटं करायला बघू लागला. मी मान हलवली.

विश्वामित्रीत मगरी आहेत याचं बडोद्याच्या माणसाला काही वाटत नाही. थंडीत कमाटीबागेजवळच्या पुलावर स्कूटर थांबवून लोक खाली बघतात. काठावरच्या चिखलात एखादी तोंड उघडून ऊन खात पडलेली असते, आणि मग शेंगा संपल्या की लोक निघून जातात. गुजराती लोकांच्या खोडियार मातेचं ते वाहन, त्यामुळं मगरीबद्दल वाईट बोलायचीही सोय नाही. लहानपणी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मुलांना दटावायला बागुलबुवा नव्हताच. "पाण्यात हात घालू नकोस" एवढंच पुरायचं. हौदाच्या पाण्यातसुद्धा आम्ही हात घालण्याआधी एकदा बघून घ्यायचो. पाणी म्हणजे ज्याच्यात काय आहे ते दिसत नाही अशी गोष्ट, हे इतकं आत जाऊन बसलंय, की भूमध्य समुद्राच्या काचेसारख्या पाण्यात, जिथं पाच पुरुष खाली पडलेलं खापर दिसतं, तिथंही माझे हात मांडीवर.

"मग तुम्ही पोहता कुठं?" त्यानं विचारलं.

बाबा सांगायचे की ते सुरसागरात पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. बाबांच्या गोष्टीत त्या डब्याचा आकार दरवेळी बदलायचा, त्यामुळं मी फारशी भरवशानं सांगत नाही. मी शिकले ती छत्तिसाव्या वर्षी, लालबागच्या तरणतलावात, कंबरदुखीवर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. बायकांची बॅच दुपारची. टाइलचा निळा तळ, डोळ्यांत चुरचुरणारं क्लोरीन, गुडघ्यापर्यंतचे पोशाख आणि त्याखाली आणखी काहीतरी. पाण्यात उतरण्याआधी जोशीकाकू देवाला हात जोडायच्या. लेक तेव्हा नऊ-दहा वर्षांची, माझ्याबरोबर यायची. तिला आठ दिवसांत आलं. मला तीन महिने लागले. खोल बाजूची दोरी ओलांडायला आणखी एक उन्हाळा. नंतरही मी कडेकडेनंच पोहायचे, हात लांब केला की काठ लागेल इतक्या अंतरावर. त्याला पोहणं म्हणावं की नाही कोण जाणे, पण कंबर मात्र राहिली.

सामुद्रधुनी ओलांडून आम्ही बेटाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला लागलो आणि सगळ्यांचीच वल्ही थांबली. इथं लिशियनांची, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लोकांची, एक वस्ती होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या भूकंपांनी किनारा खचला आणि ती निम्मी पाण्यात गेली. डोंगराच्या उतारावर दाराच्या चौकटी उभ्या आहेत, खडकात तुळया अडकवायला कोरलेली चौकोनी भोकं आहेत, आणि पाण्याखाली भिंतींच्या रेघा. इथं अडीच, इथं चार फूट रुंद, जणू जमिनीवर चुन्यानं घराचा नकाशा आखावा तशा. १९९० पासून हा भाग संरक्षित आहे. या काठाला पोहायला बंदी. कयाकमधून वरून बघायचं, बस. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका जर्मन बाईनं "किती सुंदर" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, आणि खरंच ते सुंदर होतं. ऊन पाण्यातून खाली जाऊन त्या पायऱ्यांवर जाळीसारखं हलत होतं.

तिथंच मी मोजायला लागले होते.

गोकुळाष्टमीची रात्र होती, २६ ऑगस्ट. दिवसभर पाऊस कोसळत होता. फोनवर आजव्याचे आकडे येत होते. बडोद्यात पावसाळ्यात लोक शेअरबाजारासारखी आजवा सरोवराची पातळी बघतात, २११ फूट, २१२ फूट. आजवा भरला की पाणी विश्वामित्रीत सोडावं लागतं आणि विश्वामित्री भरली की ते आमच्याकडे येतं. आमचं समा भागातलं टेनामेंट, खाली बैठक, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या. मधला जिना सतरा पायऱ्यांचा. साडेदहाला अंगणात पाणी आलं. सासूबाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी खुर्चीत बसवून यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी वर नेलं. त्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "यमुनेनं वसुदेवाला वाट दिली, आपली विश्वामित्री देते का बघू." मग लाइट गेली. मग काही दिसेना, फक्त ऐकू येत होतं. चहाच्या डब्यांचे आवाज. सिलिंडर कशावर तरी ठाक ठाक आपटत होता. पहाटेच्या सुमाराला एक मोठा, मऊ असा धप्प आवाज झाला. तो फ्रिज होता. फ्रिज तरंगतो हे मला ठाऊक नव्हतं. तो आधी उभ्यानं तरंगला आणि मग आडवा झाला, एखाद्या दमलेल्या म्हशीसारखा.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर टॉर्च घेऊन बसले होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी टॉर्च लावायची, मोजायचं आणि विझवायची, कारण सेल संपले तर काय. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला फार वेळ लागला, मला वाटलं थांबलं. पाणी काळं, वर केरसुणीच्या काड्या आणि कुणाची तरी एक चप्पल. त्याच्यात काय असेल ते सांगता येत नव्हतं. त्याच आठवड्यात अकोटा स्टेडियमकडच्या एका घराच्या छपरावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला आणि हसला. आम्ही तो चार दिवसांनी पाहिला, कारण आमचे फोन बंद होते. नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती, हेही तेव्हाच कळलं.

फोन बंद पडायच्या आधी शेवटचा कॉल लेकीचा होता. तिकडे संध्याकाळ होती. मागं कुठंतरी भांडी वाजत होती, ती स्वयंपाक करत असावी. "आई, बातम्यात बडोदा दाखवतायत." मी म्हटलं, "हो गं, अंगणात थोडं पाणी आलंय." तेव्हा मी तिसऱ्या पायरीवर डोळे लावून बसले होते. का म्हटलं असं? सहा हजार किलोमीटरवरून तिनं काय केलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण मला सांगता येत नाही. एकदा 'जिन्यात आलंय' असं तोंडानं म्हटलं की ते खरंच आलं असतं, असं काहीतरी. पुढचे तीन दिवस तिनं कुणाकुणाला फोन केले, कशी झोपली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाणी उतरल्यावर मी तिला धुतलेल्या फरशीचा फोटो पाठवला. त्याच्या आधीचा एकही नाही. घरवखरीची, म्हणजे घरातल्या सामानाची, यादी करायला आले होते त्यांना दाखवायला मी काढलेले फोटो फोनमध्ये आहेत, त्यात फ्रिजही आहे, पण ते मी तिला दाखवलेले नाहीत.

केकोवाला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तिथल्या खडकावर पाण्याची रेघ एकाच जागी आखल्यासारखी बसलीय. याउलट आमचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, पाणी दिवसातून दोनदा दोन-तीन मजले चढतं आणि उतरतं. सासूबाईंना घेऊन आम्ही एकदा कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेलो होतो. भरतीत देऊळ बुडतं, ओहोटीत पिंडी परत वर. चहाच्या रंगाचं पाणी, पोटरीपर्यंत चिखल, आणि लोक काठावर थांबून देव बुडायची वाट बघतायत. सासूबाईंना ते फार आवडलं होतं. "याचं बरंय, परत येतो," असं म्हणाल्या होत्या. पूर उतरल्यावर खालच्या त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा लोखंडी कपाटातल्या पैठण्यांचा एक तपकिरी लगदा झाला होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि बादलीत टाकला, काही म्हणाल्या नाहीत.

दुपारी एका खाडीत पोहायला थांबलो. इथं बंदी नाही. लेकीनं मला काशमध्ये घेऊन दिलेला पोहायचा पोशाख मी आत घालूनच आले होते, पण वरचा सदरा काढायला मला इतका वेळ लागला की तोवर बाकीचे पोहून परत आले. चोपन्नाव्या वर्षी लेकीसमोर उघड्या मांड्या, आणि त्यावर पुरानंतर जिना घासताना झालेल्या जखमेचा जांभळा डाग. तिनं तो पाहिला. मी पाण्यात शिरले. ते पाणी आपल्याला वर धरतं. मिठाचं प्रमाण आपल्या समुद्रापेक्षाही थोडं जास्त आहे, म्हणे. लालबागेत तीन महिने जे मला जमत नव्हतं ते, म्हणजे उताणं पडून राहणं, इथं न करताच झालं. कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं, फक्त स्वतःचा श्वास. मग मी पालथी झाले, चष्मा लावला आणि खाली पाहिलं. काळे काटेरी सी अर्चिन, चांदीच्या रंगाचे मासे, माझी स्वतःची सावली वाळूवर, फार लहान. काठ कुठंच नव्हता. मला भीती वाटली, पण ती लालबागेतल्या खोल बाजूची जुनी, ओळखीची भीती होती. ऑगस्टमधली नव्हती. तळ दिसत होता ना.

लेक शेजारी पोहत होती. मी दमले तसा तिनं हात पुढं केला आणि मी तो धरला. कुणाचा हात कुणाला आधार देत होता ते पाण्यात नीट कळत नाही.

जेवायला कालेकॉयला गेलो, जुनं नाव सिमेना. गाडीरस्ताच नाही, होडीनं यायचं नाहीतर चालत. वर किल्ला, किल्ल्यात खडकात कोरलेलं, सात रांगांचं एवढंसं नाट्यगृह. घरोघरी घरगुती आइस्क्रीमचे फलक. आम्ही केळ्याचं खाल्लं, संच्यातल्या आंब्याची सर नाही. काठाजवळ पाण्यात एकटीच उभी असलेली एक लिशियन दगडी शवपेटी आहे, कमरेएवढ्या पाण्यात. तिचं झाकण उलट्या होडीच्या आकाराचं. सगळे तिच्याजवळ कयाक नेऊन फोटो काढत होते. मी लेकीला म्हटलं, आपण लांबूनच जाऊ. तिनं का म्हणून विचारलं नाही, सुकाणू वळवलं. दुपारनंतर वारा सुटला होता. परतीचा तास मी आयुष्यात इतकं कधी वल्हवलं नसेन, म्हणजे कधीच वल्हवलं नव्हतं म्हणा.

रात्री हॉटेलच्या गच्चीत मला हात वर करता येईना. लेकीनं बाम आणला आणि मागं बसून खांदे चोळायला लागली. परत तीच मागं, मी पुढं. खाली गावात कुणीतरी खुर्च्या उचलून ठेवत होतं. बराच वेळ ती गप्प होती.

"किती होत्या?" तिनं विचारलं.

"नऊ दिसल्या. पुढं अंधार होता."

"त्या नाही. आपल्या घरच्या."

गच्चीच्या कठड्यावर एक मांजर चालत होतं, मी ते पार टोकाला जाईपर्यंत बघितलं. "पाच," मी म्हटलं. "सहावी ओली झाली होती, पण बुडाली नव्हती."

"फोनवर म्हणाली होतीस, अंगणात आलंय."

"अंगणातही आलंच होतं की."

तिनं अंगठा माझ्या खांद्यात असा काही रुतवला की मी ओरडलेच.